थेरेमिन: हात जवळ नेला की सूर आधी उतरतो, मग चढतो (उपाय सापडला)

थेरेमिन म्हणजे स्पर्श न करता, अँटेनाजवळ हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. माझ्या थेरेमिनच्या अँटेनाकडे हात नेला की सूर आधी उतरायचा, मध्येच गप्प व्हायचा आणि मगच चढायचा. वाद्य भिंतीपासून लांब नेलं, केबल बदलली, अँटेना घट्ट केली. काही फरक नाही. दोन आठवडे रियाज ठप्प होता.

आत दोन ऑसिलेटर (विद्युत कंपनं निर्माण करणारी सर्किटं) असतात: एक स्थिर, दुसरा हाताच्या धारितेमुळे (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेमुळे) मंदावणारा. ऐकू येतो तो दोघांच्या वारंवारतेतला फरक. माझा दुसरा ऑसिलेटर मुळातच पहिल्यापेक्षा वर लागला होता, म्हणून हात जवळ येताना फरक आधी घटायचा.

वाद्य चालू करून १५ मिनिटं तापू दिलं. मग वाजवायच्या जागीच उभा राहिलो, कारण शरीराचीही धारिता असते. उजवा हात खांद्याशी घेतला. सूर खर्जात उतरून, धडधडत पूर्ण थांबेपर्यंत पिचचा नॉब हळूहळू फिरवला. हात पुढे नेल्यावर सूर फक्त चढायला हवा. आधी उतरला, तर नॉब शून्याच्या (जिथे फरक संपून सूर थांबतो त्या जागेच्या) चुकीच्या बाजूला आहे. किंचित उलटा फिरवा.

अँटेनाजवळ स्वरांची दाटी राहतेच, तो वाद्याचा स्वभाव आहे. जागा बदलली की पुन्हा लावावं लागतं.