जिल्हा परिषदेच्या शाळेचा कारभार, खर्च आणि निकाल कसा तपासावा

शाळेबद्दल काही तक्रार असली की पालक पहिल्यांदा मुख्याध्यापकांना गाठतात. खरं तर त्यांच्या हातात फार थोडं असतं. शिक्षकाची नेमणूक आणि बदली जिल्हा परिषद करते, पगाराचा पैसा राज्य सरकारचा, पोषण आहाराचा तांदूळ केंद्र सरकारचा, नवीन खोली बहुतेक वेळा जिल्हा नियोजन समितीच्या निधीवर अडलेली आणि नळाचं पाणी ग्रामपंचायतीचं. त्यामुळे कोणता प्रश्न कोणाच्या टेबलावरचा, हे आधी ठरवायचं आणि मगच कागद मागायचे. खालची पद्धत महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांची आहे. नगरपालिका-महापालिकांच्या शाळांत अधिकारी बदलतात, कागद बरेचसे तेच असतात.

साखळी लक्षात ठेवा: मुख्याध्यापकांच्या वर केंद्रप्रमुख (आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे), मग पंचायत समितीतले विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि त्यांच्या वर मुख्य कार्यकारी अधिकारी. जिल्हा परिषदेची शिक्षण समिती निवडून आलेल्या सदस्यांची असते. २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांकडे गेला आणि तिथे ही समितीच उरली नाही. आपल्या जिल्ह्यात आज काय स्थिती आहे ते विचारून घ्या, नाहीतर निवेदन नसलेल्या सभापतीच्या नावे जातं.

सुरुवात यू-डायसपासून

यू-डायस म्हणजे शाळांच्या माहितीची देशभरची सरकारी नोंद. तिच्यात प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. तो शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेला असतो किंवा दाखल्यावर छापलेला असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढे दोन जिल्ह्याचे, दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. यू-डायस प्लसच्या 'नो युवर स्कूल' या पानावर हा क्रमांक टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडतं. पट, शिक्षक, खोल्या, शौचालयं, पाणी, वीज, ग्रंथालय अशी सगळी माहिती त्यात असते.

ते छापून घ्या आणि हातात धरून शाळेत फिरा. कागदावर 'मुलींचं शौचालय १, वापरात १' असतं. प्रत्यक्षात दाराला कडी नाही, टाकीला पाणी नाही आणि आत मोडके बाक रचलेले. ही चूक निव्वळ कागदी समजून सोडू नका. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेचा जिल्ह्याचा वार्षिक आराखडा याच माहितीवर बनतो. कागदावर शौचालय वापरात असेल तर दुरुस्तीचा पैसा मागण्याचा आधारच राहत नाही. दरवर्षी गावकरी निधी येत नाही म्हणून ओरडतात आणि दरवर्षी शाळेकडून 'होय' भरलं जातं. यात लबाडी क्वचितच असते. मागच्या वर्षीचा अर्ज तसाच पुढे ढकलला जातो, किंवा 'नाही' लिहिलं तर जाब विचारतील ही भीती असते.

ही नोंद दुरुस्त करण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा (पालक आणि शिक्षकांच्या शाळेतल्या समितीचा) ठराव आणि फोटो जोडून मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात पत्र द्या. यू-डायसचं काम पाहणारे कर्मचारी तिथे बसतात. माहिती भरण्याची मुदत चालू असतानाच हे करा. एकदा आकडे प्रमाणित झाले की पुढच्या वर्षापर्यंत काही हलत नाही.

समिती कागदावर आहे की चालते

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. महाराष्ट्रात ही समिती साधारण १२ ते १६ जणांची असते. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो, सदस्य सचिव मुख्याध्यापक असतात. १२ सदस्य असतील तर ९ पालक आणि एकूण ६ स्त्रिया, हा हिशेब जागेवरच करता येतो. ज्याचं मूल शाळेतून बाहेर पडलं आहे तो पालक सदस्य राहू शकत नाही. अनेक गावांत मात्र जुने अध्यक्ष नातवंडांच्या नावावर टिकून असतात.

इतिवृत्ताची वही मागा. बैठक दरमहा अपेक्षित आहे. वहीत एकाच पेनाने, एकाच हाताने चार महिन्यांचे ठराव लिहिलेले दिसले आणि सह्या सलग ओळीत असल्या, तर वही घरोघरी फिरवली गेली आहे असं समजा. खरी बैठक ओळखायची तर कोण काय बोललं आणि मागच्या ठरावाचं काय झालं, याची एखादी तरी ओळ सापडली पाहिजे.

शाळा विकास आराखडा करणं हे समितीचं मुख्य काम, कलम २२ चं. तो तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. जानेवारीत विचारलं की 'करतोय' हे उत्तर ठरलेलं असतं.

पैसा कुठून येतो, कुठे दिसतो

शाळेच्या पातळीवर दिसणारी मुख्य रक्कम म्हणजे समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. ही वर्षाची कमाल मर्यादा. हातात येणारी रक्कम कमी असू शकते आणि टप्प्याटप्प्याने येते. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. ६४ पटाच्या शाळेत पूर्ण रक्कम आली तर २,५०० रुपये फिनेल, झाडू, साबण, नळदुरुस्ती यांवर दिसले पाहिजेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गावातली निम्मी भांडणं यावरून होतात. हा पैसा आता शाळेच्या खात्यात येऊन पडून राहत नाही. खातं शून्य शिलकीचं असतं आणि पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर शाळेच्या नावे खर्चाची मर्यादा टाकली जाते. खर्च करताना पीपीए नावाचा छापील आदेश निघतो, त्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या होतात आणि बँक रक्कम थेट दुकानदाराला देते. त्यामुळे पासबुकात शून्य दिसलं म्हणून पैसा आलाच नाही किंवा खाल्ला गेला, असा निष्कर्ष काढू नका. मर्यादा मंजूर झाल्याचं पत्र, पीपीएच्या प्रती, दुकानदाराची बिलं आणि डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) असे चार कागद शेजारी ठेवा. दोन पंख्यांचं बिल असेल तर डेडस्टॉकमध्ये दोन पंख्यांची नोंद हवी आणि छताला दोन पंखे हवेत. अध्यक्षांनी कोऱ्या पीपीएवर सही करायची नसते, हे त्यांना कोणीतरी सांगावं लागतं.

सगळी बिलं मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली दिसतात. मर्यादा बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि ३१ मार्चला न वापरलेली रद्द होते, म्हणून शाळेला घाईत खरेदी करावी लागते. संशय घ्यायचा तर तारखेवर न घेता दरावर घ्या. त्याच वस्तूचा बाजारभाव तालुक्याच्या दुकानात विचारा.

वीजबिलाचाही कागद पाहा. महावितरणच्या दरपत्रकात सरकारी शाळांसाठी सार्वजनिक सेवा ही वेगळी वर्गवारी आहे. बिलावर वाणिज्यिक वर्गवारी छापलेली असेल तर शाळा विनाकारण जास्त भरते आहे. वर्गवारी बदलण्याचा अर्ज महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्यायचा.

गणवेशाचे मुलामागे ६०० रुपये, दोन जोड्यांसाठी. २०२४-२५ मध्ये राज्याने केंद्रीकृत पद्धत आणली, कपडे उशिरा आणि मापाबाहेरचे आले, आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा समितीकडे दिली. म्हणजे कापड आणि शिलाई ठरवण्याचा ठराव आता आपल्याच इतिवृत्तात असला पाहिजे.

मोठं बांधकाम वेगळ्या वाटेने जातं. पडायला आलेली खोली पाडून नवीन मागायची तर आधी निर्लेखन, म्हणजे जुनी खोली नोंदीतून कमी करणं, लागतं: समितीचा ठराव, बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा दाखला आणि जिल्हा परिषदेची मंजुरी. जुनी खोली कागदावर उभी असेपर्यंत खोल्या पुरेशा आहेत असंच वरून दिसतं. पाणी आणि शौचालयासाठी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीतून काम घेता येतं. त्यासाठी ते ग्रामसभेत गावाच्या विकास आराखड्यात बसवून घ्यावं लागतं. झालेला खर्च पंचायतींच्या 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर दिसतो.

पोषण आहाराची वही

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम आणि ३० ग्रॅम. पाचवीपर्यंत ३८ मुलं जेवली तर ३ किलो ८०० ग्रॅम तांदूळ लागला. २२ दिवसांत ८३ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे ५० किलोची दोन पोतीही संपत नाहीत. साठा नोंदवहीत आरंभीची शिल्लक अधिक आलेला माल वजा खर्च केला की निघेल तेवढाच तांदूळ कोठीत हवा. मग त्याच दिवसाची हजेरी आणि जेवणाऱ्यांची संख्या जुळवा. सलग पंधरा दिवस ३८ हाच आकडा असेल तर तो मोजलेला नाही. यात्रेच्या आणि आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी कमी होतेच. चव नोंदवहीत पालकांच्या सह्या आहेत का, तेही बघा.

शिक्षक

तीन आकडे मागा: मंजूर, कार्यरत, प्रत्यक्ष हजर. मंजूर पदं संचमान्यतेने (पटावरून शिक्षकांची संख्या ठरवणाऱ्या वार्षिक मंजुरीने) ठरतात, तीही ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधार पडताळणी झालेल्या मुलांवर. आधारातली नावाची चूक दुरुस्त न झालेली चार-पाच मुलं एखादं पद घालवू शकतात, म्हणून ऑगस्टमध्येच ही यादी पाहून घ्यावी. कायद्याने पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन, ९० पर्यंत तीन आणि १२० पर्यंत चार शिक्षक. कार्यरत आणि हजर यांच्यात तफावत असेल तर प्रतिनियुक्तीचा, म्हणजे शिक्षकाला तात्पुरतं दुसरीकडे पाठवल्याचा, आदेश मागा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाही, हे कलम २७ सांगतं.

मुलांना काय येतं

जिल्ह्याच्या पातळीवर ४ डिसेंबर २०२४ ला झालेल्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणाचा तिसरी, सहावी आणि नववीचा जिल्हानिहाय अहवाल उपलब्ध आहे. तो नमुना चाचणीचा आहे. त्यावरून आपल्या शाळेबद्दल काहीच सांगता येत नाही.

शाळेसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या पाहा: सुरुवातीची पायाभूत, मग संकलित १ आणि संकलित २. भाषा, गणित आणि इंग्रजी. शेजारच्या शाळेशी तुलना टाळा. वर्गात ८ मुलं असली तर एकाच मुलाने निकाल साडेबारा टक्क्यांनी हलतो. त्याच मुलांचे पायाभूत आणि संकलित २ चे गुण शेजारी ठेवले तर वर्षभरात काय झालं ते कळतं. नावं न घेता इयत्तावार यादी मागितली की शाळेलाही अडचण येत नाही.

गुणांवर विश्वास नसेल तर चावडी वाचन घ्या. तिसरीच्या मुलाला न शिकवलेला, दुसरीच्या पातळीचा उतारा द्या आणि मिनिटभर वाचू द्या. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानानुसार तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. दुसरीअखेर ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंतच्या संख्या. पुस्तकातला धडा देऊ नका. तो पाठ असतो. आणि सगळ्या गावासमोर अडखळणाऱ्या मुलाला उभं करू नका, आकडे इयत्तेचे वाचा.

कागद मिळत नसतील तर

आधी साधं पत्र. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, पंचायत समितीच्या शिक्षण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. आहार, गणवेश आणि अनुदान एकाच अर्जात घातलं की अर्ज अडकतो. मजकूर असा असावा: 'यू-डायस क्र. ... या शाळेचे २०२५-२६ मधील संयुक्त शाळा अनुदानाचे मर्यादा मंजुरी पत्र, सर्व पीपीए व देयके यांच्या छायांकित प्रती.' 'खर्च का केला नाही?' असं विचारू नका, कारण 'का' ही माहिती नसून खुलासा आहे असं उत्तर येतं. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून.

शिक्षक नसणं, खोली धोकादायक असणं अशा मुलांच्या हक्काच्या तक्रारीला कलम ३२ आहे. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे जिल्हा परिषदेकडे, द्यायची. निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असतो आणि अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जातं. सोबत समितीचा ठराव, फोटो आणि यू-डायसचं रिपोर्ट कार्ड जोडा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजले जातात.