चिपवर प्रथिनाची जोडणी मोजताय? या चुका टाळा

चिपवर प्रथिन सोडलं, आलेख वर चढला, म्हणजे जोडणी झाली असं समजू नका. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या बायोसेन्सरला पृष्ठभागाजवळचा विद्युतभार तेवढा कळतो. तो प्रथिनाने बदलला की मिठाने, हे तुम्हीच शोधायचं असतं.

सर्वांत जास्त प्रयोग वाया जातात ते थेट पीबीएसमध्ये, म्हणजे मीठ असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), मोजल्याने. द्रावणातले आयन प्रथिनाच्या भाराला झाकून टाकतात. तो जिथवर जाणवतो त्या अंतराला डेबाय लांबी म्हणतात. नेहमीच्या पीबीएसमध्ये ती जेमतेम ०.७ नॅनोमीटर असते आणि प्रथिन पकडायला चिपवर बसवलेली अँटीबॉडीच मुळी १० नॅनोमीटरच्या आसपास. मग तिच्या टोकाला अडकलेलं प्रथिन चिपला जाणवणार कसं? पीबीएस शंभर पट पातळ केलं की ही लांबी ७ नॅनोमीटरच्या घरात जाते. मात्र सगळा प्रयोग पातळ बफरमध्ये उरकू नका, कारण कमी मिठात प्रथिनं नको तिथेही चिकटतात. जोडणी नेहमीच्या पीबीएसमध्ये होऊ द्या, धुवा, मग पातळ बफरमध्ये मोजा. प्रथिन घालण्याआधीचं मोजमापही त्याच पातळ बफरमधलं हवं. शक्य असेल तर अख्ख्या अँटीबॉडीऐवजी नॅनोबॉडी (अँटीबॉडीचा छोटा तुकडा) किंवा ॲप्टॅमर (प्रथिन पकडणारा डीएनए-आरएनएचा छोटा धागा) घ्या. बंधन पृष्ठभागाच्या जवळ होतं.

दुसरी चूक नमुन्याच्या बफरची. नमुना एका बफरमध्ये आणि चिप दुसऱ्यात असेल, तर नमुना पोचताच आलेख एकदम उडी मारतो आणि धुतल्यावर तितक्याच झटक्यात खाली येतो. ही जोडणी नव्हे. पीएचमध्ये ०.१ चा फरक पडला तरी काही मिलिव्होल्टचा बदल दिसू शकतो, आणि प्रथिनाचा खरा संकेतही अनेकदा तेवढाच असतो. नमुना आधी डायलिसिस करून चिपच्याच बफरमध्ये आणा.

अँटीबॉडी एनएचएस रसायनाने, म्हणजे अमाइन गटांशी बंध जोडणाऱ्या पद्धतीने, चिपवर बसवत असाल तर ट्रिस (एक नेहमीचं बफर) आणि ग्लायसीन (एक अमिनो आम्ल) दूर ठेवा. त्यांच्यातले अमाइन गट अँटीबॉडीच्या आधी जागा पटकावतात. विकतच्या अँटीबॉडीत स्थिरतेसाठी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेलं असेल तर तेच पृष्ठभागावर बसतं. बाटलीवरचं लेबल वाचा, मी हे विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो.

संदर्भासाठी नुसती प्लॅटिनमची तार बुडवू नका. तिचं विभव सरकत राहतं. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड वापरा, आणि आधाररेषा स्थिर होईपर्यंत नमुना घालू नका.

कंट्रोलवर, म्हणजे पडताळणीच्या चाचण्यांवर, मात्र वेळ खर्च करा. पृष्ठभागावर बायोटिन (स्ट्रेप्टाव्हिडिन आणि ॲव्हिडिन ही प्रथिनं ज्याला घट्ट धरतात तो छोटा रेणू) असेल तर दोन चाचण्या माझ्या मते टाळूच नयेत. पहिली, बायोटिनने आधीच पूर्ण भरलेलं स्ट्रेप्टाव्हिडिन सोडा. संकेत येता कामा नये. दुसरी, पीएच ७.४ ला ॲव्हिडिन सोडा. स्ट्रेप्टाव्हिडिनवर तिथे ऋण भार असतो, ॲव्हिडिनवर धन. त्यामुळे पी-प्रकारच्या (धन भारवाहक असलेल्या) सिलिकॉन नॅनोवायरची वाहकता साध्या स्ट्रेप्टाव्हिडिनने वाढते, ॲव्हिडिनने घटते. या दोन्ही प्रथिनांनी आलेख एकाच दिशेला गेला, तर तुम्ही भाराऐवजी दुसरंच काहीतरी मोजताय.