लोकेशनवर लेपल एकमेकांत का घुसतात

गोरेगावच्या फिल्मसिटीत सेटला लागून सेट असतो आणि दोन्हीकडच्या कलाकारांच्या कपड्यांवर लेपल, म्हणजे छोटे वायरलेस माइक, आणि कमरेला त्यांचे ट्रान्समीटर. अशा जागी नवा साउंड असिस्टंट बहुतेक वेळा स्कॅनवर, म्हणजे रिसीव्हरने शोधून दिलेल्या मोकळ्या फ्रिक्वेन्सींवर, विसंबतो. पण स्कॅनमध्ये त्या क्षणी हवेत जे आहे तेवढंच दिसतं. आपले सगळे माइक चालू झाल्यावर काय उपजेल, ते दिसत नाही.

समजा, पहिला लेपल ५००.००० मेगाहर्ट्झवर आहे, दुसरा ५००.४०० वर. ट्रान्समीटर जवळ आले की सिग्नलची सरमिसळ होते आणि नवे सिग्नल तयार होतात. एकाची दुप्पट करून त्यातून दुसरा वजा करा: एक ४९९.६००, दुसरा ५००.८००. आता सारखं अंतर ठेवायचं म्हणून तिसरा माइक ५००.८०० वर लावलात, तर तो नेमका या सिग्नलवर जाऊन बसतो. हेच इंटरमॉड्युलेशन. म्हणून अंतर समान ठेवूच नका. तिसरा ५०१.३०० वर न्या. मग अशा बेरजा-वजाबाक्यांतून येणारे सिग्नल तिन्ही माइकपासून किमान ४०० किलोहर्ट्झ लांब राहतात. चौथ्या माइकपासून हा हिशेब हाताने करू नका. सॉफ्टवेअर घ्या किंवा रिसीव्हरमधला तयार ग्रुप, म्हणजे एकमेकांना न नडणाऱ्या फ्रिक्वेन्सींचा संच, वापरा. मात्र सगळे चॅनेल एकाच ग्रुपमधले हवेत, दोन ग्रुप मिसळले की ती जुळणी मोडते.

स्कॅन टेकच्या जागीच करा. आपले ट्रान्समीटर बंद, पण कॅमेऱ्याचा व्हिडिओ ट्रान्समीटर, वॉकीटॉकी आणि एलईडी वॉल चालू हवेत. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हे पट्टे मोबाइल सेवेचे आहेत, तिकडे फिरकूच नका. मग एकेक ट्रान्समीटर चालू करत जा आणि चालूच ठेवा.

यानंतरची चाचणी घाईत गाळली जाते, आणि खरी गरज तिचीच असते. सगळे ट्रान्समीटर टेबलावर ढीग न करता हातभर अंतराने ठेवा. त्यातला एकच बंद करून त्याच्या रिसीव्हरचा आरएफ मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काड्या, पाहा. काड्या उतरल्या नाहीत, तर तिथे दुसरं काहीतरी बसलं आहे. ती फ्रिक्वेन्सी बदला. प्रत्येक माइकसाठी हेच करा.

मिठीचा सीन असेल तर दोघांची पॉवर ५० मिलिवॉटवरून १० वर आणा. दोन्हीकडे १ डेसिबल उतरवलं की सरमिसळीचा सिग्नल साधारण ३ डेसिबलने उतरतो. रेंज कमी होईल, म्हणून रिसीव्हरची अँटेना कलाकारांजवळ न्या.

शेजारच्या युनिटच्या रेकॉर्डिस्टला भेटून फ्रिक्वेन्सींची यादी सकाळीच अदलाबदल करा. संकोच बाळगू नका, त्यालाही ती हवीच असते. लंचनंतर पुन्हा स्कॅन करा, कारण तोवर नवं युनिट लागलेलं असू शकतं. फ्रिक्वेन्सी बदललीत तर ट्रान्समीटरवरची टेपची चिठ्ठीही तिथल्या तिथे बदला.