शाळेचं जुनं दप्तर: शताब्दीआधी दोन वर्षं करायची तयारी

कमान, स्मरणिका आणि सत्कार शेवटच्या सहा महिन्यांत उरकता येतात. दप्तराचं, म्हणजे जुन्या नोंदवह्या, कागद आणि फोटो जपण्याचं काम तसं उरकत नाही, म्हणून ते दोन वर्षं आधी हाती घ्यावं, आणि सुरुवात कपाटापासून न करता माणसांपासून करावी. १९५८ च्या मॅट्रिकचा वर्गफोटो आणखी वीस वर्षं टिकेल. त्यातले चेहरे ओळखणारे आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत.

मूळ फोटो घरोघर फिरवू नये. त्याची ए-थ्री आकाराची प्रत काढावी, वर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याला आकडा द्यावा आणि नावं ‘मागची रांग, डावीकडून’ अशी लिहून घ्यावीत. तीन जणांना वेगवेगळं विचारावं. सगळे एकत्र बसले की मोठ्या आवाजाचं नाव कागदावर येतं. मतभेद झाला तर दोन्ही नावं ठेवावीत. विद्यार्थिनींचं माहेरचं नाव आणि आताचं नाव, दोन्ही हवीत. जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत, माहेरचंच सापडतं आणि पत्ता सासरच्या नावानं. १९७५ ची यादी करताना जपावं, कारण त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन्ही तुकड्या एसएससीला बसल्या. निवृत्त शिपायांना विसरू नये. कुठला वर्ग कुठे भरायचा आणि घंटा कुठे टांगलेली होती, हे त्यांच्याइतकं कुणालाच आठवत नाही.

मग जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि काम शाळेतच करावं. हे रजिस्टर एक दिवसही बाहेर जाता कामा नये. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५०, २१ नोव्हेंबर १९६१ आणि १३ ऑक्टोबर १९६७ या प्रवर्गानुसार ठरलेल्या तारखांआधीच्या नोंदी वारंवार पाहिल्या जातात, त्यामुळे त्या काळातले खंड सर्वांत जास्त हाताळलेले असतात. आधी तेच घ्यावेत. झेरॉक्सच्या काचेवर वही दाबली की शिवण तुटते. त्याऐवजी दोन्ही बाजूंना फोमचे उतरते तुकडे लावून वही अर्धवट उघडावी, वरून स्टँडवरचा कॅमेरा आणि दोन्हीकडून तिरका उजेड. रेझोल्यूशन ४०० डीपीआय, छोट्या फोटोंना ६००. मूळ फाइल टिफमध्ये, वापरायची जेपेगमध्ये. कोरं पानही टिपावं, नाहीतर पुढे कुणाला तिथलं पान हरवलंय असं वाटेल. फाइलच्या नावात खंड, साल आणि पान यावं. पहिले खंड मोडी लिपीत असतील तर वाचक आधीच शोधून ठेवावा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचं प्रशिक्षण देतं. लॉगबुक, शेरेबुक, संस्थेची इतिवृत्तं आणि हस्तलिखित अंकही याच रांगेत.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. चिकट थर कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशनचं पानही पुन्हा सोडवता येत नाही. गंजलेल्या टाचण्या हळूच काढाव्यात. ओल लागलेलं पान उन्हात टाकलं की वाकतं आणि शाई फिकट होते. टीपकागदात ठेवून पंख्याखाली सुकवावं. डांबरगोळ्यांनी वाळवी थांबत नाही. कपाट भिंतीपासून चार-सहा इंच पुढे ओढावं, खालचा कप्पा जमिनीपासून उचललेला असावा, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून बघावं. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नये, अक्षरं पुढे उमटतात. मऊ टू-बी पेन्सिलीनं कडेला हलकंच लिहावं.

आठवणी ध्वनिमुद्रित करताना पंखा बंद, फोन विमान मोडवर, बैठक पाऊण तासाची. ‘शाळेबद्दल सांगा’ म्हटलं की भाषण येतं. हातात वर्गफोटो देऊन ‘मधल्या सुट्टीत पाणी कुठे प्यायचात?’ असं विचारावं, की रांजण, पेला, पाळी आणि पाणी भरणारी मावशी आपोआप येतात. संमतीची सही त्याच दिवशी घ्यावी. जात आणि जन्मतारीख असलेली पानं इंटरनेटवर टाकू नयेत. नाव आणि वर्ष पुरे.

प्रती तीन: दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, तिसरी शाळेच्या इमारतीबाहेर. पेनड्राइव्ह यात धरू नये. दर जूनमध्ये प्रत्येक डिस्क जोडून काही फाइली उघडून पाहाव्यात. माजी विद्यार्थ्यांकडून आलेला प्रत्येक फोटो, बिल्ला किंवा प्रगतिपुस्तक पावती देऊनच घ्यावं: वस्तू, देणाऱ्याचं नाव, देणगी की उसनं, आणि उसनं असेल तर परत करायची तारीख.