घरचे नियम करण्याआधी: नव्या डंजन मास्टरसाठी अनुभवाचे चार शब्द

माझ्या टेबलावर पहिले पात्र मेले ते मी स्वतः आणलेल्या घरच्या नियमामुळे, म्हणजे पुस्तकात नसलेल्या, आपणच ठरवलेल्या नियमामुळे. आम्ही पाच जण तेव्हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या, कथेतली पात्रे बनून फाशांनी खेळायच्या खेळाची २०१४ साली आलेली पाचवी आवृत्ती नुकतीच खेळू लागलो होतो; मी डंजन मास्टर, म्हणजे कथा सांगणारी आणि राक्षस चालवणारी होते. वार करताना वीसपैलू फाशावर २० पडले की तो क्रिटिकल (जबर) वार ठरतो आणि इजेचे फासे दुप्पट टाकायचे, असा पुस्तकातील नियम आहे. दुप्पट फासे टाकूनही कधीकधी एकूण दोन-तीनच पडतात आणि सगळ्या उत्साहावर पाणी पडते, म्हणून मी ठरवले की क्रिटिकल वारात मूळ फाशाचा कमाल आकडा धरून चालायचे आणि जादा फासा टाकून त्यात मिळवायचा. सर्वांना नियम फार आवडला. त्याच दुपारी एका गॉब्लिनसाठी (हा एक छोटा राक्षस) मी टाकलेल्या फाशावर २० पडले.

समोर पहिल्या लेव्हलचा जादूगार होता आणि त्याचे हिट पॉइंट (पात्रात किती जीव उरला याचा आकडा) ७ होते. गॉब्लिनच्या तलवारीची इजा एक सहापैलू फासा अधिक २ इतकी असते. माझ्या नियमाने ६ आधीच पक्के झाले होते, जादा फाशावरही ६ पडले, वरचे २ मिळून १४ झाले. हिट पॉइंट शून्यावर आल्यावर उरलेली इजा पात्राच्या कमाल हिट पॉइंटांइतकी किंवा त्याहून जास्त असेल, तर पात्र जागच्या जागी मरते. इथे सात गेले आणि बरोबर सात उरले. पुस्तकाप्रमाणे खेळलो असतो तर क्रिटिकल वारात १४ पडण्याची शक्यता छत्तीसात एक होती. मी ती सहात एक करून ठेवली होती, आणि नियम मांडताना मी हा हिशेब केलाच नव्हता.

त्या दिवसापासून नव्या नियमाबद्दल मी पहिला प्रश्न हा विचारते की हा नियम सर्वांत जास्त वेळा कोणाच्या वाट्याला येणार आहे. एक गॉब्लिन तीन-चार राऊंड (सर्वांच्या एकेका पाळीची फेरी) जगतो, त्यामुळे त्याच्यावर क्रिटिकल वार झाला काय आणि न झाला काय, तो मरणारच असतो. खेळाडूचे पात्र मात्र वर्षभर जगते आणि त्या काळात शेकडो वार झेलते. म्हणून नशिबाचे चढउतार तीव्र करणारा कोणताही नियम, वाचताना दोन्ही बाजूंना सारखा वाटला तरी, अखेरीस खेळाडूंनाच महागात पडतो. आता आमच्याकडे कमाल आकड्याचा नियम फक्त खेळाडूंच्या वारांना लागू आहे; राक्षस पुस्तकाप्रमाणे खेळतात.

याच प्रश्नाने मी फंबलचा नियम मोडीत काढला. वाराच्या फाशावर १ पडले की शस्त्र हातातून निसटते किंवा वार शेजारच्या सोबत्याला लागतो, असा हा नियम कितीतरी टेबलांवर चालतो, आणि नवे डंजन मास्टर तो हमखास आणतात. पहिल्या लेव्हलचा फायटर (शस्त्राने लढणारा योद्धा) एका राऊंडमध्ये एक वार करतो, म्हणून त्याच्या हातून चूक होण्याची शक्यता ५ टक्के असते. अकराव्या लेव्हलला तोच फायटर तीन वार करतो आणि तिन्हींपैकी एका तरी फाशावर १ पडण्याची शक्यता सुमारे १४ टक्के होते, म्हणजे जवळजवळ दर सात राऊंडांत एकदा. फायटर जितका निष्णात होईल तितकी तलवार त्याच्या हातातून अधिक वेळा पडावी, याला काय म्हणावे? त्याच्या शेजारी उभा असलेला जादूगार फायरबॉल हा आगीचा मंत्र टाकतो तेव्हा वाराचा फासा टाकतच नाही, समोरच्यांना सेव्ह (बचावाचा फासा) करावा लागतो; त्यामुळे हा नियम त्याला शिवतही नाही. आधीच मागे पडणाऱ्या वर्गाला (पात्राच्या प्रकाराला) आणखी मागे ढकलणारा हा नियम तुम्ही आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता ज्या चुकीने माझी जवळजवळ एक संपूर्ण मोहीम नासवली, तिच्याकडे येते. पात्रे पाचव्या लेव्हलला पोहोचली आणि टेबलावर कुरबूर सुरू झाली. जादूगार प्रत्येक लढाई एकहाती जिंकत होता, फायटर आणि वॉरलॉक (वेगळ्या प्रकारचा मंत्रधारी) खेळणाऱ्यांना आपण नुसते प्रेक्षक आहोत असे वाटू लागले होते. मी सरळ फायरबॉलला हात घातला आणि त्याचे आठ सहापैलू फासे कापून सहा केले. सरासरी इजा २८ वरून २१ वर आली. जादूगार खेळणारा मित्र नाराज झाला, कारण त्याने पुस्तक वाचून, नियमाप्रमाणेच तो मंत्र घेतला होता. शिवाय त्याचा उपयोगही झाला नाही. त्याने हिप्नॉटिक पॅटर्न वापरायला सुरुवात केली, ज्यात इजेचा फासाच नसतो आणि निम्मे शत्रू जागीच खिळून राहतात. एक मंत्र कापला की दुसरा पुढे येत होता.

खरा दोष माझ्या वेळापत्रकात होता, आणि तो दिसायला मला दोन महिने लागले. आम्ही रविवारी चार तास खेळायचो. तेवढ्या वेळात एकच मोठी लढाई बसायची, आणि लढाई संपली की पात्रे झोपून लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची पूर्ण विश्रांती, घ्यायची. २०१४ चे डंजन मास्टरसाठीचे पुस्तक मात्र असे धरून चालते की एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी होतील आणि अधूनमधून दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) मिळतील. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराकडे एकूण नऊ स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) असतात आणि ते मुख्यतः लाँग रेस्टने भरतात. सहा चकमकींत ते जपून वापरावे लागतात. एकाच चकमकीत मात्र तो प्रत्येक राऊंडला एखादा भारी मंत्र टाकू शकतो. वॉरलॉकचे गणित याच्या उलट आहे. त्याच्याकडे त्या लेव्हलला दोनच स्लॉट असतात, पण ते शॉर्ट रेस्टने परत येतात, म्हणजे दोन शॉर्ट रेस्ट मिळाले तर दिवसाला सहा, आणि तेही तिसऱ्या, म्हणजे त्याला मिळणाऱ्या सर्वांत वरच्या, मंत्र-लेव्हलचे. फायटरचा अ‍ॅक्शन सर्जही (एका पाळीत जादा कृती) शॉर्ट रेस्टलाच परत मिळतो. मी शॉर्ट रेस्ट कधी येऊच देत नव्हते. त्या दोघांचा अर्धा अधिक घास मीच काढून घेतला होता आणि शिक्षा जादूगाराला देत होते.

फायरबॉल मी पूर्ववत केला आणि विश्रांतीचा नियम बदलला. गाव, किल्ला किंवा मठ अशा सुरक्षित ठिकाणीच लाँग रेस्ट मिळतो. रानात किंवा भुयारात काढलेली रात्र शॉर्ट रेस्ट धरली जाते. पुस्तकातही याचा एक कडक पर्याय आहे, ज्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा होतो, परंतु आमच्या कथेला आठवडाभर थांबणे परवडणारे नव्हते. आता खेळातील एक 'दिवस' आमच्या तीन रविवारांवर पसरतो. या बदलाने कुरबूर थांबली, मात्र एक नवी अडचण उभी राहिली, आणि ती तुमच्याकडेही येईल म्हणून मुद्दाम सांगते. मेज आर्मरसारखे (अंगाला संरक्षण देणारे) आठ तास टिकणारे मंत्र पूर्वी सगळ्या लढायांना पुरायचे, ते आता पहिल्याच रात्री संपू लागले. म्हणून अशा मंत्रांचा परिणाम पुढच्या लाँग रेस्टपर्यंत टिकेल, अशी जोड त्याच नियमाला द्यावी लागली. एक खुंटी हलवली की तिला बांधलेल्या बाकीच्या दोऱ्या कुठे ताणल्या जातात, हे पाहावेच लागते.

गल्लीत क्रिकेट खेळताना 'एक टप्पा आऊट'चा नियम अंगण लहान म्हणून येतो. मोठ्या मैदानावर तो कोणी लावत नाही. इंटरनेटवर सापडणारा प्रत्येक घरचा नियमही असाच कोणाच्या तरी अंगणात जन्मलेला असतो. समोरासमोर उभ्या दोघांनी शत्रूला घेरले की दोघांनाही अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सवलत) देणारा फ्लँकिंगचा पर्यायी नियम मी असाच आंधळेपणाने उचलला होता. बार्बेरियन (बेभान लढणारा योद्धा) रेकलेस अ‍ॅटॅकने अ‍ॅडव्हान्टेज मिळवतो तेव्हा त्याच्यावर होणाऱ्या वारांनाही अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, ही त्याने मोजलेली किंमत असते. तीच गोष्ट दोन पावले सरकून फुकट मिळू लागली, तर त्याच्या धाडसाला अर्थ उरत नाही. आमच्याकडे आता फ्लँकिंगला वाराच्या फाशावर फक्त अधिक २ मिळतात.

काही बदल मात्र निर्धास्त करावेत. औषधाची कुपी पिण्यासाठी पूर्ण अ‍ॅक्शन घालवून सरासरी सातच हिट पॉइंट मिळतात, म्हणून आम्ही ती पाळीतल्या छोट्या जादा कृतीने, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनने प्यायला परवानगी दिली होती, आणि २०२४ च्या सुधारित नियमांत तसेच झाले. क्षमतांचे आकडे ठरवताना चार सहापैलू फासे टाकून लहानात लहान सोडायचा असेल, तर प्रत्येकाने सहा आकड्यांचा एक-एक संच टाकावा आणि कोणालाही त्यांतला कोणताही संच घेऊ द्यावा. आमच्या पहिल्या मोहिमेत एका मैत्रिणीचा सर्वांत मोठा आकडा १३ होता आणि शेजारच्याकडे दोन १७ होते, हे ओझे तिने वर्षभर वाहिले.

पद्धतीबद्दल थोडेसे सांगते. आम्ही घरचे नियम एका वहीत लिहितो आणि प्रत्येकापुढे कारण व तारीख टाकतो. एका वेळी एकच नियम बदलतो, कारण दोन एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. नवा नियम तीन सेशन (खेळाच्या बैठका) चालतो, मग मत घेतले जाते. लढाई चालू असताना नियम बदलायचा नाही. वाद झाला तर मी त्या वेळेपुरता निर्णय देते आणि चर्चा सेशननंतर होते. एखाद्या बदलाने कोणाच्या पात्राची ताकद कमी होत असेल, तर त्याला ते पात्र नव्याने बांधण्याची मुभा असते. फायरबॉलच्या वेळी ही मुभा मी दिली नव्हती, आणि त्या मित्राची नाराजी बरेच दिवस टिकली ती मुख्यतः त्यामुळेच.

सध्या वहीत एक नियम चाचणीवर आहे. पाचव्या आवृत्तीत शून्यावर पडलेल्या पात्राला एका हिट पॉइंटवर उठवले तरी ते पूर्ण ताकदीने लढते, त्यामुळे पडणे आणि उठणे यांना काही किंमतच राहत नाही. म्हणून शून्यावरून उठणाऱ्याला आम्ही थकव्याची एक पायरी देऊन पाहत आहोत. २०१४ च्या नियमांत तिसऱ्या पायरीला वार आणि सेव्ह दोन्हींवर डिसअ‍ॅडव्हान्टेज येतो (दोन फाशांतला लहान आकडा धरावा लागतो), जो फार जड जातो. २०२४ मध्ये प्रत्येक पायरीला वीसपैलू फाशाच्या आकड्यातून २ वजा होतात, म्हणून आम्ही तो तक्ता घेतला आहे. दोन सेशन झाली आहेत. सर्वांत पुढे उभा राहणारा फायटरच पुन्हा पुन्हा पडतो आणि थकवा त्याच्याच वाट्याला येतो, असे दिसू लागले आहे. तिसऱ्या सेशननंतरही तेच दिसले, तर नियमावर रेघ मारली जाईल.