गॅलेक्सी रासबोरा पाळायचाय? आधी झाडोरा वाढवा

पहिल्यांदा मी या माशांची पाच नगं आणली आणि मोकळ्या, लख्ख टाकीत सोडली. नीट दिसावीत म्हणून मागच्या काचेला निळा कागदसुद्धा चिकटवला. पंधरा दिवस पाचही जण फिल्टरच्या मागे अंग चोरून बसले. रंग इतका उडालेला की दुकानदाराने भलतंच काही गळ्यात मारलं, असं वाटलं. चूक माझीच होती. मासा कुठून आलाय हे मी पाहिलंच नव्हतं.

हा मूळचा म्यानमारच्या शान प्रांतातला. इन्ले सरोवराच्या पूर्वेला, होपाँगजवळ, हजार मीटरच्या आसपास उंचीवर झऱ्यांच्या पाण्याची छोटी तळी आहेत. पाणी नितळ, जेमतेम फूटभर खोल, आणि पाणवनस्पतींनी गच्च भरलेलं. २००६ मध्ये तो शौकिनांपर्यंत पोचला, २००७ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ टायसन रॉबर्ट्स यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्यातल्या ‘मार्गारिटाटस’चा अर्थ मोत्यांनी मढलेला. दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा जीव, गडद निळ्या अंगावर मोतिया ठिपके, पंखांवर तांबडे-काळे पट्टे. बाजारात रासबोरा म्हणतात, पण जात डॅनियोची, म्हणजे झेब्रा माशाच्या भावकीतली.

म्हणून टाकी उंच नको, पसरट घ्या. चाळीस लिटर पुरे. तळाला गडद बारीक वाळू. मग जावा मॉस ही शेवाळासारखी वनस्पती आणि हायड्रिलासारखी भराभर वाढणारी झाडं इतकी लावा की पलीकडची काच जेमतेम दिसेल. लपायला जागा वाढली की हे मासे जास्त बाहेर येतात; पळायला आडोसा जवळ आहे हे त्यांना कळतं. पुढच्या बाजूला वीतभर मोकळी जागा मात्र ठेवा, सगळा तमाशा तिथेच होतो.

स्पंज फिल्टर मंद चालवा. मासे आणायच्या आधी टाकी चार-सहा आठवडे मुरू द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढतील. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्यावर आल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. पाणी २२ ते २४ अंश, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) सात-साडेसात. निऑन टेट्रा माशांसाठी करतात तसं सुकी पानं टाकून पाणी आम्लधर्मी करायचा खटाटोप इथे नको.

आणायचे तर आठ-दहा आणा, माद्या जास्त. नर कमी असले तरी रोज जुंपतेच: दोघं समोरासमोर येतात, पंख फुलवतात, एकमेकांभोवती गरागरा फिरतात, आणि त्या अर्ध्या मिनिटात निळा रंग शाईसारखा गडद होतो. जखमा सहसा होत नाहीत. सोबतीला धसमुसळे मासे ठेवले तर मात्र हे उपाशी राहतील, कारण खाण्यावर झडप घालणं यांच्या स्वभावात नाही. तोंडही एवढंसं. कोरडं खाद्य बोटांनी चुरून पूड करून टाका. आठवड्यातून दोन-तीनदा ब्राइन श्रिम्प या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या जिवांची पिल्लं किंवा बारीक डॅफ्निया (पाणपिसवा) द्या.

विकत घेताना टाकीत पैदास झालेले आहेत का, हे विचारा. सुरुवातीला तळ्यांतून इतके पकडले गेले की २००७ मध्येच काळजी सुरू झाली. घरी पैदास करणंही अवघड नाही.

मादी मॉसमध्ये अंडी टाकते आणि संधी मिळाली की तीच खाते. मी चार दिवसांनी मॉसचा गोळा उचलून दुसऱ्या डब्यात ठेवते, टाकीचंच पाणी घालून. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पिल्लं म्हणजे काचेला चिकटलेले पापणीच्या केसाचे तुकडे. पहिल्या वेळी कचरा समजून मी पुसून टाकणार होते. दोन-तीन दिवस ती हलत नाहीत, तोवर खाऊ घालू नका. पोहायला लागली की पॅरामिशियम हे सूक्ष्मजीव, आणि आठ-दहा दिवसांनी ताजी ब्राइन श्रिम्पची पिल्लं. श्रिम्पची पिल्लं नारिंगी असतात, म्हणून पोट नारिंगी दिसलं, की खाल्लं.