स्पायडर प्लांट: लाडानं होणाऱ्या चुका

परवा शेजारच्या काकू कुंडी काखेत घेऊनच आल्या. "अगं, ह्याला रोग लागलाय का बघ की जरा." पानं पिवळट पडलेली, मधला गाभा बुडाशी लिबलिबीत, आणि मातीला गटारीसारखा वास.

"पाणी किती घालता काकू?"

"रोज. पूजा झाली की एक तांब्या. एक दिवस चुकवत नाही बघ."

रोग तांब्यातच होता. स्पायडर प्लांटची ख्याती 'कसंही ठेवा, मरत नाही' अशी आहे आणि ती बरीचशी खरी आहे. तरीही आमच्या गल्लीत दर दोन-तीन घरांमागे एक तरी आजारी स्पायडर दिसतोच. दुर्लक्षानं मेलेला मी फारसा बघितला नाही. बहुतेक लाडानं मेलेले.

कारण कळायला झाड एकदा कुंडीतून बाहेर काढून बघावं लागतं. मातीत पांढऱ्या, जाड, रसरशीत मुळ्या असतात, मधेमधे बोटाएवढ्या फुगलेल्या. भाजीतल्या कोवळ्या मुळ्याची आठवण येते. ही त्याची पाण्याची टाकी. मूळचं हे आफ्रिकेतलं, तिथल्या उष्ण प्रदेशापासून पार दक्षिण टोकापर्यंत पसरलेलं. स्वीडनच्या थुनबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९४ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पाऊस येतो तेव्हा भरून घ्यायचं आणि पुढचे कोरडे दिवस त्या साठ्यावर काढायचे, हा त्याचा स्वभाव. आपण टाकी रिकामी व्हायच्या आत रोज ती भरत राहतो, मग मुळ्या कुजतात.

मला याचा साक्षात्कार २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाला. आम्ही भावाकडे पुण्याला गेलो होतो, तेवढ्यात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद. कोल्हापूरला घरी परतायला चौदावा दिवस उजाडला. गच्चीवरच्या कुंड्यांत पाणी साचून बरीच रोपं गेली होती. हॉलमधल्या स्पायडरला मात्र दोन आठवडे थेंबभर पाणी नव्हतं. पानं फिकी आणि थोडी मिटल्यासारखी, एवढंच. पाणी दिल्यावर तिसऱ्या दिवशी पूर्ववत. त्याआधी मीही त्याला एक दिवसाआड पाणी घालत होते, आणि 'याची पानं अशी मलूल का' म्हणून आणखी घालत होते.

पाणी: वार ठरवून घालू नका

'आठवड्यातून दोनदा' असला नियम कोल्हापुरात चालत नाही. एप्रिलमध्ये गॅलरीतली कुंडी दोन-तीन दिवसांत कोरडी पडते. जुलैत पाऊस लागून राहिला, घरात कपडे वाळेनासे झाले की तीच कुंडी आठ-दहा दिवस ओलसर राहते. म्हणून बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर तांब्या परत न्या. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेतला तरी चालतं, महिनाभरात हाताला सवय होते. पाणी द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका.

नर्सरीतल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीसकट रोप दुसऱ्या शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवतात, ती सगळ्यात फसवी जागा. वरून माती कोरडी आणि तळात चार बोटं पाणी. काकूंचं नेमकं हेच झालं होतं.

बुडाशी मऊ पडलेलं रोप वाचवायचं असेल तर ते उपसून काढा, मुळ्या धुवा. टणक आणि पांढऱ्या त्या ठेवा, तपकिरी आणि दाबल्यावर पिचकणाऱ्या कापून टाका. सावलीत तीन-चार तास सुकू द्या आणि नव्या, मोकळ्या मातीत लावा. जुनी माती परत वापरायचा मोह आवरा.

माती म्हणजे नुसता नदीकाठचा पोयटा नको. तो उसाला सोनं, कुंडीत मात्र चार पावसांत विटेसारखा घट्ट बसतो. जोतिबा-पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती, चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि जाडसर वाळू नाहीतर भाताचं तूस, असं साधारण सारख्या प्रमाणात मी घेते.

जळलेली टोकं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पान हिरवंगार, रेघा सुंदर, आणि टोकाचा अर्धा इंच तपकिरी, कुरकुरीत. लोक याला बुरशी समजून औषध मारतात, पाणी कमी पडलं समजून आणखी घालतात, किंवा 'अन्न कमी पडलं' म्हणून खत टाकतात. तिन्हींनी टोकं वाढतात.

पाण्यातले आणि खतातले क्षार मुळांतून वर चढतात. पानातून पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे उरतात, आणि पाण्याचा प्रवास जिथं संपतो त्या टोकाशी साचत जातात. त्यातही फ्लोराइड आणि बोरॉन या दोन गोष्टी स्पायडर प्लांटला विशेष सोसत नाहीत. एकदा करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. फक्त पुढचं नवं पान चांगलं येईल एवढं बघायचं.

आता घरात हे क्षार येतात कुठून ते बघू. एक, बोअरचं पाणी. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये वापरायचं पाणी बोअरचंच असतं, आणि बादलीला पांढरा थर धरत असेल तर तोच थर कुंडीतही बसतोय. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरी मिठासारखी नक्षी उमटते ती हीच. दोन, आरओ मशीनच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी. 'टाकण्यापेक्षा झाडांना घालू' हा विचार चांगला, पण मशीननं आपल्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यात दाटून आलेले असतात. ते पाणी फरशी पुसायला वापरा. तीन, आणि हे आपल्याकडचं खास: शेतातून आणलेलं सुपर फॉस्फेट. गावाकडं उसाला टाकून उरलेली अर्धी पिशवी शहरातल्या गच्चीवर येतेच. सुपर फॉस्फेट ज्या खडकापासून बनतं त्यात मुळातच फ्लोराइड असतं, ते खतातही उतरतं. माझ्या सासऱ्यांनी प्रेमानं चमचाभर टाकलं होतं, महिन्याभरात सगळी कुंडी टोकाला तपकिरी. अर्थात त्यांना मी कारण सांगितलं नाही, उन्हावर ढकललं.

नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवा असा सल्ला सगळीकडं मिळतो. त्यानं क्लोरीन उडून जातो, तेवढा फायदा आहे. फ्लोराइड मात्र उडत नाही. पाणी उकळून गार करून घालणारी एक मैत्रीण आहे माझी. उकळल्यावर पाणी आटतं, क्षार तेवढेच राहतात, म्हणजे उलट दाट होतात.

खरा उपाय आपल्या डोक्यावर चार महिने कोसळत असतो. पावसाचं पाणी पिंपात धरा, पहिल्या एक-दोन सरी छप्पर धुऊन जाऊ द्या आणि मग झाकून ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत ठेवून कुंडीच्या दुप्पट-तिप्पट आकाराचं पाणी हळूहळू ओता, साचलेले क्षार धुऊन निघतात. करपलेलं टोक बघवत नसेल तर कात्रीनं पानाच्याच आकारात तिरकं कापा, पण तपकिरी भागाची केसाएवढी कड शिल्लक ठेवा. हिरव्यात कात्री गेली की कापलेली कड पुन्हा वाळते. आणि जुन्या, खालच्या एक-दोन पानांची टोकं करपली तर सोडून द्या. ते म्हातारपण आहे.

ऊन

परदेशी सल्ल्यात 'उन्हाळ्यात रोप बाहेर ठेवा' असं लिहिलेलं असतं. तो तिकडचा उन्हाळा. आपल्याकडं मे महिन्यात पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तीनचं ऊन लागलं की पानावर कागद भाजल्यासारखे फिके, कोरडे डाग पडतात. टोक जळणं आणि हे डाग वेगळे, डाग पानाच्या मधेच असतात आणि उन्हाच्या बाजूलाच असतात. पूर्वेची खिडकी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन तासभर लागलं तर बिघडत नाही.

उलट टोक म्हणजे जिन्याखालचा कोपरा. तिथं मरत नाही, पण पानं लांब, लोळणारी होतात आणि पांढऱ्या रेघा पुसट होतात. थंडीची काळजी मात्र कोल्हापूरकरांनी सोडून द्यावी. दहा अंशांखाली याची वाढ थांबते, आणि तेवढी थंडी आपल्या हॉलमध्ये कधी येणार?

कुंडी फुगली, माती वर आली

पाणी घातलं की ते वरूनच ओघळून बाजूनं जातं, माती काठाच्या वर आलेली, प्लास्टिकची कुंडी पोटाशी फुगलेली. झाड मोठं झालं म्हणून कौतुक करू नका, आत मुळ्यांना जागा उरलेली नाही. एक आकार मोठी कुंडी घ्या, दोन बोटं रुंद, जास्त नाही. 'सारखं सारखं बदलायला नको' म्हणून थेट बादलीएवढ्या कुंडीत लावलं की न वापरलेली ओली माती भोवती राहते आणि पुन्हा कुजण्याची गोष्ट सुरू.

गड्डा दोन-तीन भागांत फोडलात तरी चालतं. घरातल्या सुरीनं सरळ कापा, प्रत्येक भागाला पानांचा झुपका आणि मुळ्या आल्या म्हणजे झालं. फोडताना चार-दोन फुगीर मुळ्या तुटतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फेब्रुवारी किंवा जूनची सुरुवात बरी.

पिल्लं येत नाहीत

लांब दांडी येते, तिच्यावर चांदणीसारखी बारीक पांढरी फुलं, आणि मग टोकाला लोंबणारी पिल्लं, म्हणून तर हे झाड घरात आणतो आपण. पहिली चूक म्हणजे दांडीला वेडी फांदी समजून छाटणं. दुसरी, भरपूर खत. पानं माजतात, पिल्लांचं नाव नाही. तिसरी चूक कुणाच्या लक्षातच येत नाही: रात्रीचा दिवा. दिवस बारा तासांपेक्षा लहान असे किमान तीन आठवडे मिळाले की या झाडाला दांड्या धरायला चालना मिळते. आपल्याकडं ऑक्टोबरपासून दिवस बाराच्या खाली जातो, डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास येतो. पण कुंडी हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली असेल आणि रात्री अकरापर्यंत मालिका चालू असतील, तर झाडाच्या हिशेबानं दिवस मावळतच नाही. हिवाळ्यात तिला संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत हलवा. वर्षाच्या आतलं कोवळं रोपही पिल्लं देत नाही, तिथं थांबण्याशिवाय इलाज नाही.

पिल्लू कापायची घाई नको. त्याच्या बुडाशी पांढऱ्या बारीक मुळ्यांचे कोंब दिसले की मगच. सगळ्यात सोपं म्हणजे आईपासून न तोडता शेजारच्या कुंडीत टेकवा, तीन-चार आठवड्यांत धरलं की दांडी कापा. पाण्याच्या ग्लासात ठेवणाऱ्यांनी फक्त बूड भिजेल एवढंच पाणी ठेवावं, मुळ्या बोटाच्या एका पेराएवढ्या झाल्या की मातीत लावावं. पाण्यात महिनोन् महिने ठेवलेल्या पिल्लाला माती रुळायला त्रास होतो. आणि लावताना पानांचा गाभा मातीत गाडू नका.

नर्सरीत हल्ली नारिंगी देठांचं 'फायर फ्लॅश' मिळतं. तेही याच क्लोरोफायटम कुळातलं, आफ्रिकेचंच, पण ते असल्या लोंबत्या दांड्या टाकत नाही. वर्षभर पिल्लांची वाट बघत बसलेले दोघे मला माहीत आहेत.

किरकोळ, पण विचारतात म्हणून

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. काळ्या मुंग्यांची रांग कुंडीवर चढत असेल तर आधी तिथंच शोधा. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा.

मांजर पानं चावतं? चावू दे. कुत्र्यामांजरांना हे विषारी नाही. झाडाची मात्र वाट लागते, म्हणून टांगून ठेवा.

हवा शुद्ध करतं म्हणून बेडरूममध्ये चार कुंड्या कोंबू नका. नासाच्या १९८९ च्या ज्या अभ्यासाचा दाखला देतात, तो छोट्या, हवाबंद पेटीत केलेला होता. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा खिडक्या-दारांतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असा हिशेब निघाला. खिडकी उघडा, स्वस्त पडतं.

आणखी एक. पावसाळ्यात रानभाज्यांत येणारी फोडशी, तशीच सफेद मुसळी, ही याच कुळातली आपली माणसं. सह्याद्रीत या कुळाच्या कितीतरी जाती आहेत, एकीला तर कोल्हापूरचंच नाव आहे, क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स. पण म्हणून कुंडीतल्या फुगीर मुळ्या मुसळी समजून दुधात उगाळू नका. हसू नका, असं विचारणारा फोन मला आलेला आहे.

काकूंच्या गड्ड्यातून पाचपैकी दोन झुपके वाचले. महिनाभर खत नाही, आणि माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही, असं बजावून कुंडी परत दिली. पूजेनंतरचा तांब्या हल्ली जास्वंदीला जातो. तिची पानं पिवळी पडायला लागली आहेत का ते बघायला उद्या जायचंय.